पान बदललं, तर पत्ताही बदलायला हवा

जुलैच्या मध्यावर कोल्हापुरात एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: "किती फूट झालं?" फूट कशाचे, हे कुणी विचारत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. या एका आकड्यावर जनावरं कधी हलवायची, तळमजल्यावरचं सामान माडीवर कधी चढवायचं, पुण्याला निघायचं की थांबायचं, हे ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी त्याच्याही वर चढलं.

हा आकडा आज लोक बहुतेक वेळा मोबाइलवरच बघतात. तो दाखवणारं संकेतस्थळ कसं बांधलेलं असावं, हा वरवर कोरडा, तांत्रिक प्रश्न आहे. पण पुराच्या रात्री त्याचं उत्तर चुकलं तर माणसं अडचणीत येतात. एक उदाहरण धरून चालू. समजा, जिल्ह्यातल्या बंधाऱ्यांची पातळी, धरणांतून सुटणारं पाणी आणि बंद रस्ते दाखवणारं एक संकेतस्थळ आपल्याला करायचं आहे. मुख्य पानावर बंधाऱ्यांची यादी. नावावर बोट ठेवलं की त्या बंधाऱ्याची पातळी, दिवसभराच्या नोंदी आणि आलेख. राधानगरी धरणाचं वेगळं पान हवंच, कारण तिथल्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत उतरतं आणि बावड्यापर्यंत सगळे कान टवकारतात.

जुन्या, साध्या पद्धतीत हे असं चालतं. तुम्ही दुव्यावर बोट ठेवता. ब्राउझर त्या पत्त्यावर सर्व्हरकडे मागणी पाठवतो, सर्व्हर पूर्ण पान पाठवतो, ब्राउझर आधीचं पान बाजूला सारून नवं मांडतो आणि आपल्या इतिहासाच्या यादीत नव्या पत्त्याची एक ओळ घालतो. बॅक बटण दाबलं की ब्राउझर त्या यादीत एक ओळ मागे जातो. या यादीसाठी संकेतस्थळ बांधणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की समोरच्याला तेच पान दिसतं. पान ताजं करायचं तर रिफ्रेश. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता असणं हा तिचा कणा आहे.

अडचण अशी की आकडा तेवढा बदलतो आणि त्यासाठी सगळं पान पुन्हा उतरवावं लागतं. मथळा, चित्रं, मेनू, आलेखाची सामग्री, सगळं. "४१ फूट ६ इंच, सकाळी ८" एवढा मजकूर शंभरेक बाइटांत मावतो, पण त्याच्याबरोबर येणारं पान शेकडो किलोबाइटांचं असू शकतं. पुरात वीज गेलेली, मोबाइलचे मनोरे बॅटरीवर आणि एकाच मनोऱ्यावर अख्ख्या गावाचा भार, तेव्हा हा फरक अर्धवट, पांढऱ्या पडद्यासमोर बसून मोजावा लागतो.

यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टमधल्या एका गटाने शोधला. आउटलुकची ई-मेल ब्राउझरात दाखवायची, तर प्रत्येक पत्रासाठी सगळं पान नव्याने आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक सोय आली, एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. पानात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतल्या सूचनांनी पडद्याआड सर्व्हरला काही विचारावं, उत्तर येईपर्यंत वाचकाने पान वाचत राहावं, आणि उत्तर आलं की हवा तेवढाच तुकडा बदलावा. मागणी आणि उत्तर यांच्यामध्ये पान खोळंबत नाही, म्हणून या पद्धतीला असिंक्रोनस म्हणतात. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, नकाशा बोटाखाली सरकताना लोकांनी पाहिला आणि जगाचे डोळे उघडले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या साऱ्या जुळणीला एजॅक्स हे नाव दिलं. पुढे जो तो आपलं संकेतस्थळ असं करायला धावला, आणि तिथेच बॅक बटण मोडलं.

मोडलं म्हणजे काय झालं? आपल्याच उदाहरणात पाहा. वाचकाने यादीतून राजाराम बंधारा उघडला. जावास्क्रिप्टने पडद्याआडून पातळी आणली आणि यादीच्या जागी मांडली. वाचकाला वाटलं, मी नव्या पानावर आलो. ब्राउझरला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या लेखी पत्ता तोच, पान तेच, इतिहासात नवी ओळ नाही. वाचकाने यादीकडे परतायला बॅक दाबलं आणि तो संकेतस्थळातूनच बाहेर पडला. किंवा त्याने पत्ता कॉपी करून शिरोळमधल्या बहिणीला पाठवला, "बघ, पाणी चढतंय." तिने उघडलं तर बंधाऱ्यांची कोरी यादी. किंवा त्याने रिफ्रेश केलं आणि पुन्हा पहिल्या पानावर जाऊन पडला. पान आधीपेक्षा झटपट झालं खरं, पण वाचकाच्या हातातल्या तीन गोष्टी गेल्या: मागे जाणं, दुसऱ्याला दाखवणं, पुन्हा तिथेच येणं. मला हा सौदा कधीच मान्य होण्यासारखा वाटत नाही. पुराच्या दिवसांत तर माहिती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर दुव्यांनीच पसरते. दुवा भलत्याच पानावर नेत असेल, तर आकडा कितीही लवकर दिसला तरी तो ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पहिला तोडगा पत्त्यातल्या # या चिन्हाचा होता. # च्या पुढचा भाग बदलला तर ब्राउझर पान नव्याने आणत नाही, पण इतिहासात ओळ मात्र घालतो. मूळ उपयोग लांबलचक पानात ठरावीक परिच्छेदापर्यंत उडी मारण्याचा. हुशार मंडळींनी त्याच्यामागे स्थिती दडवायला सुरुवात केली. बॅक बटण चालू लागलं, दुवेही पाठवता येऊ लागले. पण # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे सर्व्हरला हवा असलेला बंधारा कळत नाही. तो कोरा सांगाडा पाठवतो आणि पुढचं सगळं जावास्क्रिप्टच्या भरवशावर. ती आली नाही, किंवा तिच्यात एक चूक झाली, तर वाचकासमोर काहीच नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या गॉकर समूहाने आपली सगळी संकेतस्थळं या पद्धतीवर नेली आणि जावास्क्रिप्टमधल्या एका बिघाडाने ती सगळी एकदम कोरी पडली. लेख सर्व्हरवर जागच्या जागी होते, वाचकांपर्यंत मात्र एकही पोचत नव्हता. ट्विटरनेही २०१० मध्ये हीच वाट धरली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती सोडली, पहिलं पान पुन्हा सर्व्हरवरच तयार करायला लागले, आणि पान उघडायला लागणारा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आला असं स्वतःच जाहीर केलं.

खरा उपाय ब्राउझरांमध्येच यायला हवा होता आणि २०१०-११ च्या सुमारास तो आला. एचटीएमएल-५ बरोबर जावास्क्रिप्टला इतिहासाच्या यादीला हात लावायची मुभा मिळाली. पुशस्टेट म्हटलं की पान न हलता पत्ता बदलतो आणि यादीत नवी ओळ येते. रिप्लेसस्टेट म्हटलं की नवी ओळ न येता आहे तीच ओळ बदलते. वाचकाने मागे-पुढे केलं की ब्राउझर पॉपस्टेट नावाची सूचना देतो आणि त्या ओळीशी जुळणारा मजकूर पुन्हा मांडणं हे आपलं काम. मार्च २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये ही सोय आली, इंटरनेट एक्सप्लोररला त्यासाठी २०१२ उजाडलं. आजच्या घडीला स्वस्तातल्या फोनवरही ती असते.

सोय आली म्हणजे काम झालं नाही. ती कुठे वापरायची, हा विवेक बांधणाऱ्याचा. आपल्या संकेतस्थळावर पातळीचा आकडा दर पाच मिनिटांनी आपोआप ताजा होतो असं धरा. प्रत्येक वेळी पुशस्टेट केलं तर तासाभरात इतिहासात बारा ओळी जमतील आणि वाचकाला मागे जायला बारा वेळा बॅक दाबावं लागेल. वाचकाने काहीच केलेलं नसताना आपण त्याची परतीची वाट लांबवली. म्हणून कसोटी अशी लावावी: हा बदल वाचकाने स्वतः मागितला का, आणि त्याला इथे परत यावंसं वाटेल का? बंधारा निवडला, तारीख बदलली, तर नवी ओळ. यादी पातळीनुसार लावली की नावानुसार, एवढाच फरक असेल तर आहे तीच ओळ बदलावी. आकडा आपोआप ताजा झाला तर इतिहासाला हातच लावू नये.

पत्त्यांचाही विचार बारकाईने हवा. राजाराम बंधाऱ्याचं आजचं पान एका पत्त्यावर आणि २४ जुलैचं पान दुसऱ्या, कायमच्या पत्त्यावर असावं. पाणी ओसरल्यावर नुकसानीचा अर्ज भरताना, पुढच्या वर्षी तुलना करताना तोच दुवा लागतो. पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह होतो आणि मला तो आवडतोही, पण इथे तो बाधतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि दुवा कॉपी करताना प्रत्येक बाइटाची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं होतात. नुसत्या 'राजाराम' या शब्दाची त्रेसष्ट अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा पाहून लोक तो फसवणुकीचा समजतात. पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवावा. पानावरची मराठी मात्र पूर्ण मराठी असावी.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो क्रमाचा आहे. अनेक जण आधी जावास्क्रिप्टचा डोलारा उभा करतात आणि शेवटी त्याला बॅक बटण जोडायला बसतात. उलट करावं. आधी जावास्क्रिप्टशिवाय पूर्ण चालणारं संकेतस्थळ बांधावं: प्रत्येक बंधाऱ्याला खरा दुवा, प्रत्येक दुव्यामागे सर्व्हरवर तयार होणारं पूर्ण पान, शोधायला साधा फॉर्म. हे चाललं की मग वर एक थर चढवायचा. जावास्क्रिप्टने दुव्यावरचा स्पर्श मध्येच पकडायचा, त्याच पत्त्यावरचा मजकूर पडद्याआड आणायचा, पानातला तेवढाच भाग बदलायचा आणि पुशस्टेटने पत्ता लावायचा. ब्रिटनमधले वेब-विकासक जेरेमी कीथ यांनी २००६ च्या आसपास या पद्धतीला 'हायजॅक्स' असं नाव दिलं. पीजॅक्स, टर्बोलिंक्स आणि हल्लीचं एचटीएमएक्स ही साधनं याच विचारातून आली. फायदा उघड आहे. जावास्क्रिप्टची फाइल कमकुवत नेटवर्कमध्ये वाटेतच अडकली, तरी दुवा हा दुवाच राहतो. पान जरा सावकाश उघडेल, पण पातळी दिसेल.

थोडं मिळालं तरी पुरेसं, आणि मिळालेलं हाताशी राहिलं पाहिजे, हा धडा कोल्हापूर जिल्हा फार आधी शिकलेला आहे. १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला वारणेचा सहकारी समूह, केंद्र आणि राज्य सरकार यांनी मिळून वारणाकाठच्या कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उघडली. ऊस-नोंदणी, तोडीची परवानगी, कारखान्यात भरलेलं वजन, हे शेतकऱ्याला गावातच कळावं ही कल्पना, आणि त्या काळात ती झेप मोठीच होती. पण पूर्ण संगणक, त्याची जोडणी, वीज, दुरुस्ती, हा सगळा संसार एका छोट्या उत्तरासाठी सांभाळावा लागे. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरातल्या संशोधन-विभागाने त्यातल्या सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. ठरलेल्या सांकेतिक शब्दांत मेसेज पाठवायचा, दुसऱ्या टोकाला संगणक माहितीसाठ्यातून तेवढंच उत्तर शोधून परत पाठवणार. लहान मागणी, लहान उत्तर, आणि खर्च कितीतरी कमी.

एजॅक्सचं तत्त्व याहून वेगळं नाही. पण त्या एसएमएसमध्ये एक गुण होता, जो अनेक झटपट संकेतस्थळं गमावून बसली. आलेला मेसेज फोनमध्ये राहतो. तो महिन्याने पुन्हा वाचता येतो, कारखान्याच्या चिटबॉयला दाखवता येतो, भावाला पुढे पाठवता येतो. पडद्याआडून आलेल्या मजकुराला पत्ता देणं म्हणजे त्याला हाच गुण परत देणं.

बारीकसारीक खाचखळगे अजून आहेत, आणि पुराच्या माहितीत ते महत्त्वाचे ठरतात. वाचकाने घाईत आधी शिंगणापूर बंधाऱ्यावर बोट ठेवलं, मग लगेच राजारामवर. दोन मागण्या गेल्या. नेटवर्कचा भरवसा नाही, दुसऱ्या मागणीचं उत्तर आधी आलं आणि पहिलीचं नंतर. मथळ्यात राजाराम आणि खाली शिंगणापूरचा आकडा! हे तर थेट घातक. म्हणून नवी मागणी करताना जुनी रद्द करावी, किंवा आलेलं उत्तर सध्याच्या पत्त्याशी जुळतं का ते पाहून मगच मांडावं. मागणी अपयशी झाली तर जुना आकडा तसाच ठेवून गप्प बसू नये. आकड्याशेजारी नोंदीची वेळ कायम छापलेली असावी आणि "नवी माहिती मिळाली नाही" हे स्पष्ट शब्दांत दिसावं. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवणं कोऱ्या पानापेक्षा वाईट.

दृष्टिहीन वाचक पान ऐकतात. पूर्ण पान बदललं की वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मथळ्यापासून सुरुवात करतं. नुसता तुकडा बदलला तर त्याला पत्ताच लागत नाही. नवा भाग मांडल्यावर लक्ष त्याच्या मथळ्यावर न्यावं, पानाचं शीर्षक बदलावं, आणि आपोआप बदलणाऱ्या आकड्याला एरिया-लाइव्ह ही खूण लावावी म्हणजे बदल बोलून दाखवला जातो. तीसुद्धा सौम्य ठेवावी, नाहीतर दर पाच मिनिटांनी माणसाचं ऐकणं मध्येच तुटतं. यादीकडे परतताना वाचक जिथे होता तिथेच यावा, लांब यादीच्या माथ्यावर नव्हे, हेही आपणच सांभाळायचं.

शेवटचा खाचखळगा फारसा कुणी सांगत नाही आणि त्यात भलेभले अडकतात. सोयीसाठी आपण एकाच पत्त्यावर दोन प्रकारची उत्तरं देतो: साध्या भेटीला पूर्ण पान, जावास्क्रिप्टच्या मागणीला नुसता तुकडा. ब्राउझर उत्तरं साठवून ठेवतो. वाचक दुसऱ्या संकेतस्थळावर गेला, बॅक दाबून परतला, आणि ब्राउझरने त्या पत्त्याखाली साठवलेला तुकडाच पूर्ण पान समजून दाखवला. ना मथळा, ना मेनू, कधी नुसती कंसांनी भरलेली सांकेतिक माहिती. चाचणीत हे दिसत नाही, कारण आपण आपल्याच पानात मागे-पुढे करत बसतो, बाहेर जाऊन परतत नाही. उपाय दोन. सर्व्हरने उत्तरासोबत व्हेरी या शीर्षकाने सांगावं की मागणीच्या प्रकारानुसार उत्तर वेगळं असतं, त्यांची सरमिसळ करू नकोस. किंवा तुकड्याला सरळ वेगळा पत्ता द्यावा, जो वाचकाला कधी दिसत नाही. मी दुसरा निवडीन, कारण वाटेतला एखादा साठवणारा सर्व्हर ती सूचना पाळेलच याची खात्री नसते.

चाचणीची जागा मात्र कार्यालयातलं वायफाय नसावी. जुना फोन घ्यावा, नेटवर्क टू-जीवर आणावं, जावास्क्रिप्ट बंद करून एकदा आणि चालू करून एकदा पाहावं. राजाराम उघडावा, २४ जुलैवर जावं, दुवा दुसऱ्या फोनवर पाठवून तिथे उघडावा, मग मागे, मागे, पुढे, रिफ्रेश. मधेच फोन विमान-मोडवर टाकावा. दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन बॅकने परत यावं. हे सगळं मे महिन्यात उरकावं, कारण पाणी ३९ फुटांकडे सरकू लागलं की संकेतस्थळावर हजारो माणसं एकदम येतात आणि दुरुस्तीला सवड उरत नाही.